अभंग, ओवी, आर्या : भक्तिकाव्याचा छंद आणि यमक तपासताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरातील आणि जिल्ह्यातील भजनी मंडळांत, मराठी घेऊन पदवीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांत आणि आषाढी जवळ आली की स्वतःचा एखादा अभंग लिहून पाहणाऱ्या हौशी मंडळींत जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, ते येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे शक्य तेथे पंढरपूर आणि मंगळवेढ्याच्या संतांची घेतली आहेत, कारण ती येथे बहुतेकांना पाठ असतात आणि पाठ असलेल्या ओळीची अक्षरे मोजणे सोपे जाते.

छंदाचे विश्लेषण करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

रचनेचे चरण कोठे तुटतात, प्रत्येक चरणात किती अक्षरे किंवा किती मात्रा (उच्चाराला लागणाऱ्या वेळाची मापे) आहेत, लघु-गुरूंचा, म्हणजे आखूड-लांब अक्षरांचा, क्रम ठरलेला आहे की मोकळा आहे आणि यमक कोणत्या चरणांच्या शेवटी जुळते, एवढ्या चार गोष्टी शोधायच्या. बहुतेक जण मोजणीपासून सुरुवात करतात, पण माझा आग्रह आधी यमक शोधावे असा असतो. जुन्या पोथ्यांत मजकूर सलग लिहिलेला असे आणि छापील पुस्तकांतही दोन-दोन चरण एका ओळीत येतात. त्यामुळे चरण कोठे संपतो हे डोळ्यांना दिसत नाही, कानाला मात्र यमकामुळे लगेच कळते. यमकाची जागा सापडली की चरण सापडतो, आणि चरण सापडल्याशिवाय केलेली मोजणी फुकट जाते.

छंद, वृत्त आणि जाती हे शब्द एकाच अर्थाने वापरले तर चालतात का?

बोलताना चालतात, लिहिताना चालू नयेत. अक्षरांची संख्या मोजली जाते पण लघु-गुरूंचा क्रम मोकळा असतो तो छंद; ओवी आणि अभंग त्यात येतात. लघु-गुरूंचा क्रम गणांनी, म्हणजे तीन-तीन अक्षरांच्या गटांनी, बांधलेला असतो ते अक्षरगणवृत्त. भुजंगप्रयात आणि पृथ्वी त्यात येतात. अक्षरे कितीही असोत, मात्रांची बेरीज ठरलेली असते ती जाती, म्हणजेच मात्रावृत्त. आर्या, साकी आणि दिंडी त्यात येतात. मराठीत ही वाटणी पक्की करण्याचे श्रेय मुख्यतः माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव ज्यूलियन यांच्या छंदःशास्त्रावरील कामाला जाते.

जाता जाता एक खुलासा : दिंडी या जातीचा आणि पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या दिंडीचा मोजणीपुरता काहीही संबंध नाही. दिंडी जातीच्या चरणात एकोणीस मात्रा असतात आणि नवव्या मात्रेनंतर यती, म्हणजे थांबण्याची जागा, येतो. वारकरी दिंडीत गाइले जातात ते मुख्यतः अभंग.

अक्षर कसे मोजायचे? जोडाक्षर एक धरायचे की दोन?

एक स्वर म्हणजे एक अक्षर. ‘ध्या’ हे एक अक्षर, ‘क्ष’ एक, ‘स्त्री’ एक, आणि ‘ॐ’ सुद्धा एकच. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि विसर्ग यांची वेगळी मोजणी होत नाही. ‘सर्वथा’ या शब्दात स, र्व, था अशी तीनच अक्षरे आहेत, कारण रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसलेला असतो. शब्दाच्या शेवटचा अकार आपण आज बोलताना गिळतो, पण अभंगात तो सामान्यतः मोजला जातो. ‘ध्यान’ ही दोन अक्षरे, ‘कर’ ही दोन अक्षरे. गाणारा माणूस ते ‘न’ आणि ‘र’ पूर्ण म्हणतोच, म्हणून हा केवळ कागदी नियम नाही.

संगणकाकडून मोजून घेतले तर?

साध्या मोजणीच्या सोयीवर विसंबू नये. संगणक ‘ध्या’ हे अक्षर ध, हलन्तचिन्ह, य आणि काना अशा चार चिन्हांत साठवतो, त्यामुळे आकडा हमखास फुगतो. बोटे अधिक भरवशाची.

लघु आणि गुरू ओळखताना सर्वांत जास्त चुका कोठे होतात?

ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ स्वराचे अक्षर गुरू, त्याच्या दोन मात्रा, एवढे सर्वांना येते. चुका होतात त्या जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरात. ‘निर्गुण’ मधील ‘नि’ ऱ्हस्व असूनही गुरू आहे, कारण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर पडतो. याउलट ‘तुम्ही’ मधील ‘तु’ लघुच राहतो. ‘म्ही’ जोडाक्षर दिसत असले तरी म्हणताना त्याचा जोर मागे येत नाही. ‘तुझ्या’ आणि ‘दुसऱ्या’ या शब्दांचेही तसेच आहे. म्हणजे जोडाक्षर दिसले की मागचे अक्षर गुरू करून टाकायचे नाही. शब्द मोठ्याने म्हणायचा आणि आघात पडतो का ते पाहायचे.

दुसरी चूक अनुस्वाराची होते. ‘रंजले’ मधील अनुस्वार उच्चारला जातो, म्हणून ‘रं’ गुरू. जुन्या प्रतींतील ‘तें’, ‘नाहीं’, ‘घरीं’ यांवरचे अनुस्वार व्याकरणाचे आहेत, आज त्यांचा उच्चार होत नाही आणि मोजणीवर त्यांचा परिणामही होत नाही. 1962च्या शुद्धलेखन नियमांनंतर ते अनुस्वार गळाले, त्यामुळे एकाच अभंगाच्या दोन प्रती वेगळ्या दिसतात. छंद दोन्हींत तोच असतो.

मोठा अभंग म्हणजे किती मोठा?

‘मोठा’ हा शब्द एकूण लांबीला नाही, कडव्याच्या घडणीला लागू आहे. सहा, सहा, सहा आणि चार अशा अक्षरांचे चार चरण मिळून एक कडवे होते. शेवटचा चरण आखूड असल्यामुळे या रचनेला साडेतीन चरणांची म्हणण्याचीही रीत आहे. सर्वांच्या ओठावर असलेले कडवे घ्यावे :

सुंदर तें ध्यान / उभें विटेवरी / कर कटावरी / ठेवोनियां

सुं-द-र-तें-ध्या-न सहा, उ-भें-वि-टे-व-री सहा, क-र-क-टा-व-री सहा, ठे-वो-नि-यां चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात आहे : विटेवरी, कटावरी. पहिला चरण यमकाबाहेर राहतो, आणि चौथाही.

छापील पुस्तकात हे कडवे ‘विटेवरी’ नंतर तोडून दोन ओळींत दिलेले असते, त्यामुळे नवख्याला यमक पहिल्या ओळीच्या शेवटी आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर आल्यासारखे वाटते आणि तो ‘ठेवोनियां’ ला जुळणारा शब्द शोधत बसतो. तो शब्द मुळात नाही. कडवे दोन ओळींचे नसून चार चरणांचे आहे हे एकदा लक्षात आले की गोंधळ उरत नाही. माझ्या अनुभवात विद्यार्थ्यांचे निम्मे गुण याच एका ठिकाणी जातात.

आखूड चौथ्या चरणाबद्दल माझे एक मत आहे. तीन चरण सारख्या चालीने येतात, त्यांतील दोन यमकाने बांधलेले असतात, आणि मग चार अक्षरांत वाक्य टेकते. ‘ठेवोनियां’ म्हणताना हात खरोखरच कमरेवर टेकल्यासारखे वाटतात. हा परिणाम छंदाचा आहे. तेथे सहा अक्षरे असती तर तो झाला नसता.

लहान अभंगात यमक कोठे असते?

लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात आणि दोन्हींच्या शेवटी यमक असते. ‘जे का रंजले गांजले / त्यासी म्हणे जो आपुले’ हे उदाहरण पुरेसे आहे. येथे ‘गांजले’ आणि ‘आपुले’ यांत फक्त शेवटचा ‘ले’ जुळतो, एवढे लक्षात ठेवावे. यमकाच्या प्रश्नात त्याचा उपयोग होईल.

मोजल्यावर एका चरणात सात अक्षरे आली. संत चुकले, छापणारा चुकला, की मी?

हा सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेचा अभंग सर्वांना ठाऊक आहे. पहिले कडवे नीट सहा, सहा, सहा, चार असे येते : नको देवराया / अंत आता पाहू / प्राण हा सर्वथा / जाऊ पाहे. दुसऱ्या कडव्यात मात्र पंचाईत होते :

हरिणीचें पाडस / व्याघ्रें धरियेलें / मजलागीं जाहलें / तैसें देवा

ह-रि-णी-चें-पा-ड-स, सात. म-ज-ला-गीं-जा-ह-लें, पुन्हा सात. आता दोन्ही चरण मोठ्याने म्हणून पाहावेत. ‘पाडस’ म्हणताना शेवटचा ‘स’ अर्धा होतो आणि ‘पा-डस्’ अशी दोनच ठोक्यांची जागा लागते. ‘जाहलें’ म्हणताना मधला ‘ह’ विरतो. हाच शब्द पुढे ‘झाले’ झाला, यावरून तो किती विरतो ते कळावे. म्हणजे कागदावर सात असलेली अक्षरे तोंडात सहाच राहतात. वर मी शब्दान्तीचा अकार मोजावा असे सांगितले आणि येथे तो सोडावा असे सांगतो आहे, ही विसंगती वाटेल. पण नियम मोजण्याचा असला तरी अंतिम निवाडा उच्चाराचा आहे : जागा असेल तेथे अकार पूर्ण म्हटला जातो, जागा नसेल तेथे तो गिळला जातो, आणि गाणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही.

याच अभंगाचे पहिले कडवे दुसऱ्या अंगाने पाहण्यासारखे आहे. अक्षरे चोख असूनही दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक नाही : ‘पाहू’ आणि ‘सर्वथा’ जुळत नाहीत. जुळतात ते ‘पाहू’ आणि अगदी शेवटचा ‘पाहे’, दुसऱ्या आणि चौथ्या चरणातले. दुसऱ्या कडव्यात अक्षरे वाढली, पण ‘धरियेलें’ आणि ‘जाहलें’ हे यमक जागेवर आले. एकाच रचनेत एकदा यमक सुटते आणि एकदा अक्षर सुटते, तरी अभंग ऐकताना कोठेही ठेच लागत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवावा : आधी स्वतःची मोजणी पुन्हा तपासावी, मग चरण मोठ्याने म्हणावा, मग त्याचा पाठभेद दुसऱ्या प्रतीत पाहावा, आणि एवढे करूनही अक्षर जास्तच राहिले तर ते जास्त आहे असे सरळ लिहावे. छंदोभंग हा शब्द सर्वांत शेवटी वापरायचा आहे.

चोखोबांच्या ‘ऊस डोंगा’ या अभंगाचा शेवटचा चरण चार अक्षरांचा का नाही?

तो वेगळ्या घडणीचा अभंग आहे. ऊस डोंगा परी / रस नोहे डोंगा / काय भुललासी / वरलिया रंगा : चारही चरण सहा अक्षरांचे आहेत, आणि यमक दुसऱ्या व चौथ्या चरणात आहे, डोंगा आणि रंगा. आखूड चरणावर टेकण्याऐवजी हे कडवे प्रश्न विचारून उभे राहते. हा प्रश्न पुढच्या प्रत्येक कडव्यात ध्रुपदासारखा परततो, म्हणून त्याला पूर्ण बारा अक्षरांची ओळ मिळाली आहे, असे मला वाटते.

‘कमान डोंगी परी तीर नोहे डोंगा’ ही ओळ मात्र तेरा अक्षरांची भरते. येथेही ‘कमान’ चा ‘न’ अर्धा म्हणा, ओळ बारावर येते. ‘चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा’ या ओळीत पुन्हा बरोबर बारा आहेत.

‘तुका म्हणे’, ‘एका जनार्दनी’ ही नाममुद्रा छंदात धरायची का?

अवश्य धरायची, कारण ती छंदात बसवूनच ठेवलेली असते. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’ यांत चार अक्षरे आहेत, म्हणून सहाच्या चरणात पुढे दोन अक्षरांची जागा उरते : तुका म्हणे माझें / हेंचि सर्व सुख / पाहीन श्रीमुख / आवडीनें. ‘एका जनार्दनी’ आणि ‘ज्ञानदेव म्हणे’ मोजून पाहा, प्रत्येकी सहा आहेत. एक अख्खा चरण नावानेच भरतो. लहान अभंगाच्या आठ अक्षरांत ‘तुका म्हणे’ अर्धा चरण घेते आणि उरलेल्या चारांत वाक्य सुरू होते. अपुरे अक्षर भरून काढण्यासाठी नाव घातले आहे असा समज काही जणांचा असतो. मोजणी त्याला आधार देत नाही.

ओवी आणि अभंग यांत फरक कसा ओळखावा?

यमक मोजून. ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी पाहावी : ॐ नमो जी आद्या / वेद प्रतिपाद्या / जय जय स्वसंवेद्या / आत्मरूपा. अक्षरे सहा, सहा, आठ, चार. पहिल्या तिन्ही चरणांत यमक आहे (आद्या, प्रतिपाद्या, स्वसंवेद्या) आणि चौथा चरण आखूड व मोकळा आहे. मोठ्या अभंगात यमक दोन चरणांत असते, ग्रांथिक ओवीत तीन चरणांत. शिवाय ओवीत अक्षरसंख्या बरीच सैल असते. त्याच ग्रंथाच्या शेवटी रचनाकाळ सांगणारी ‘शके बाराशते बारोत्तरें’ ही ओवी दहा, नऊ, दहा, सहा अशी भरते. शके 1212 म्हणजे इसवी सन 1290. तेथेही बारोत्तरें, ज्ञानेश्वरें, आदरें हे तीन यमकशब्द जागच्या जागी आहेत. संख्या हलते, यमक हलत नाही.

जात्यावरची ओवी हे वेगळे प्रकरण आहे. ती बहुधा दोन ओळींची असते, दोन्ही ओळींच्या शेवटी यमक असते आणि मोजमाप जात्याच्या फेऱ्याचे असते. तिला ग्रांथिक ओवीचे नियम लावू नयेत.

मनाच्या श्लोकांना अभंगाची मोजपट्टी का चालत नाही?

कारण तेथे प्रत्येक अक्षराची जागा बांधलेली आहे. समर्थांचे 205 श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. य गण, म्हणजे लघु-गुरू-गुरू, चार वेळा. एका चरणात बारा अक्षरे आणि वीस मात्रा. ‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’ ही ओळ गणाधी / शजोई / शसर्वां / गुणांचा अशी पडते. गणाची रेघ शब्दाच्या मधून जाते, ‘गणाधीश’ चा ‘श’ पुढच्या गणात जातो, आणि विद्यार्थ्यांना ते खटकते. शब्द आणि गण यांच्या सीमा जुळाव्यात असा नियम नाही. गणांची नावे पाठ करण्यासाठी ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र आजही सर्वांत सोपे आहे : ज्या गणाचे रूप हवे त्या अक्षरापासून तीन अक्षरे घ्यावीत, ‘यमाता’ म्हणजे य गण.

आर्या ही मोरोपंतांची म्हणतात. ती मोजायची कशी?

मात्रांनी. सर्वांत सोयीचे उदाहरण म्हणजे कवींची वाटणी सांगणारी परंपरागत आर्या, कारण ती छंदाविषयी बोलते आणि स्वतः छंद पाळूनही दाखवते :

सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची
ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंताची

‘सुश्लोक वामनाचा’ : सु पुढच्या ‘श्लो’ मुळे गुरू, म्हणून दोन, श्लो दोन, क एक, वा दोन, म एक, ना दोन, चा दोन. एकूण बारा. ‘अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची’ : एक, दोन, एक, दोन, दोन, मग प्र एक, सि दोन, द्ध एक, मग एक, एक, दोन, दोन. एकूण अठरा. ‘ओवी ज्ञानेशाची’ यात सहाच्या सहा अक्षरे गुरू, म्हणून बारा. ‘किंवा आर्या मयूरपंताची’ मोजून पाहा, अठरा येतात. बारा-अठरा, बारा-अठरा ही आर्येतील गीती होय. पहिल्या अर्ध्या ओळीत सात अक्षरे आणि तिसऱ्यात सहा असूनही मात्रा सारख्या भरतात. छंद आणि जाती यांतील फरक सांगायला मी नेहमी हीच दोन अर्धी वापरतो.

सोलापूरकरांना या आर्येविषयी थोडा जास्त जिव्हाळा असायला हवा. येथले शाहीर राम जोशी तमाशाकडून कीर्तनाकडे वळले आणि मोरोपंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनांतून लोकांच्या कानांवर घातल्या. कागदावर अवघड वाटणारी आर्या म्हणून दाखवली की सोपी होते.

मोरोपंतांचे यमक ‘जास्त’ का वाटते?

कारण ते चरणाच्या शेवटीच थांबत नाही. केकावलीतील ओळ पाहावी : सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानीं पडो / कलंक मतिचा झडो, विषय सर्वथा नावडो. वृत्त पृथ्वी, चरणाला सतरा अक्षरे, यती आठव्या अक्षरावर. ‘घडो’ आणि ‘झडो’ नेमके त्या आठव्या अक्षरावर संपतात आणि ‘पडो’, ‘नावडो’ सतराव्यावर. श्वास थांबतो तेथे यमक ठेवलेले आहे, त्यामुळे वृत्त न शिकलेला माणूससुद्धा यती चुकवत नाही. ‘मतीचा’ ऐवजी ‘मतिचा’ लिहिले आहे ते मुद्रणदोष समजून दुरुस्त करू नये. तेथे लघु अक्षर हवे आहे, आणि पद्यात ऱ्हस्वदीर्घाची एवढी सवलत कवीला नेहमीच मिळत आली आहे.

किती अक्षरे जुळली म्हणजे यमक म्हणावे?

संस्कृत अलंकारशास्त्रात यमक म्हणजे तोच अक्षरसमूह निराळ्या अर्थाने पुन्हा येणे. मराठीत मात्र चरणान्तीच्या जुळणीला सरसकट यमक म्हणतात. विश्लेषणात निदान जुळणीचा दर्जा सांगावा. ‘विटेवरी–कटावरी’ यांत ‘वरी’ ही दोन अक्षरे जुळतात, ती भरीव जुळणी. ‘सुख–मुख’ यांत शेवटचे अक्षर आणि त्याआधीचा स्वर जुळतो, तीही चांगली. ‘गांजले–आपुले’ यांत एकच अक्षर जुळते, ती सैल. संतांना सैल जुळणी चालते, पंडित कवींना चालत नसे. वामन पंडितांना तर ‘यमक्या वामन’ हेच नाव पडले. सैल जुळणी हा दोष म्हणून लिहू नये. टाळकरी जेव्हा चरणाचे शेवटचे अक्षर लांबवतात, तेव्हा ऐकू येतो तो ‘ले’ च.

आमच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. तेथे ‘प्रास’ ओळीच्या सुरुवातीला असतो. मग मराठीत तो शेवटी कसा?

सोलापूरच्या पूर्व भागातून हा प्रश्न दरवर्षी येतो आणि मला तो फार आवडतो, कारण विचारणाऱ्याचा कान आधीच तयार असतो. तेलुगू आणि कन्नडच्या जुन्या पद्यांत, अनेक वृत्तांमध्ये, प्रत्येक चरणाच्या दुसऱ्या अक्षरातील व्यंजन सारखे ठेवण्याचा नियम आहे. त्यालाच प्रास म्हणतात. मराठी भक्तिकाव्यात तसा नियम नाही, जुळणी चरणाच्या शेवटी पाहायची. ‘प्रास’ या एकाच शब्दाने दोन वेगळ्या जागा दाखवल्या जातात, म्हणून उत्तरपत्रिकेत ‘अन्त्ययमक’ असे स्पष्ट लिहावे.

सिद्धरामेश्वरांच्या कन्नड वचनांविषयीही विचारणा होते. वचन हा मुळात बांधीव छंदाचा प्रकार नाही. त्यात लय असते, पण ठरावीक अक्षरगणना किंवा सक्तीचे यमक नसते. वचनाला सहा-सहा-सहा-चारची पट्टी लावणे म्हणजे तराजूने कापड मोजणे होय.

भजनात तोच अभंग वेगवेगळ्या चालींत बसतो. मग छंद कोणता खरा?

छंद शब्दांचा, ताल गाण्याचा. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो आणि चरण सहा अक्षरांचा. उरलेली जागा गाणारा स्वर लांबवून भरतो. ‘युगे अठ्ठावीस’ या आरतीत ‘वामांगी रखुमाई’ हा चरण सात अक्षरांचा आहे, पण ‘माई’ एका झोक्यात म्हटले जाते आणि कोणाची टाळी चुकत नाही. विश्लेषण लिहिताना तालाच्या मात्रा आणि छंदाच्या मात्रा एकाच तक्त्यात भरू नयेत.

स्वतः लिहिलेला अभंग छंदात बसत नाही. दुरुस्ती कशी करावी?

एका तरुणाने आणलेले कडवे त्याच्या परवानगीने देतो. घरात चादरीचा माग होता, ते शब्दांतून दिसतेच :

उभा धागा नामाचा / आडवा तो श्वासाचा / देवा तुझा ध्यास / मी विणला

कल्पना उत्तम आहे. मोजणी सात, सात, सहा, चार. यमक ‘नामाचा–श्वासाचा’ असे पहिल्या दोन चरणांत पडले आहे, म्हणजे अभंगाच्या जागेवर नाही, आणि तिसरा चरण एकटा राहिला आहे. दोन्ही दोषांचे मूळ एकच, ते म्हणजे ‘चा’. हा प्रत्यय काढला की असे होते :

उभा धागा नाम / आडवा तो श्वास / देवा तुझा ध्यास / मी विणला

सहा, सहा, सहा, चार. आणि ‘श्वास–ध्यास’ हे यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात आपोआप आले. अर्थही घट्ट झाला : आधी धागा नामाचा होता, आता नाम हाच धागा झाला.

शेवटच्या चरणात ‘विणियेला’ घालावे का, असे त्याने विचारले. तीही चारच अक्षरे आहेत. मी नको म्हटले. ‘धरियेलें’ हे कान्होपात्रेच्या काळाचे रूप आहे, आज ते वापरले की उसन्या पागोट्यासारखे दिसते, आणि ‘मी विणला’ यात माग चालवणारा माणूस दिसतो. त्याच्या आजीला मात्र ‘विणियेला’ च गोड वाटले. या एकादशीला तो कोणते म्हणणार आहे, ते त्याने अजून सांगितलेले नाही.